गुरुवारचं नवं व्हर्जन

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला लॅपटॉप काळेवाडीच्या घरी राहिला. कंपनीने तिला नवा दिला होता. जुन्याचा बिजागर निखळला होता, त्यामुळे पडदा भिंतीला टेकवूनच उभा करावा लागायचा. "आईला गावाकडचा पेपर वाचता येईल," असं मुलगी जाताना म्हणाली, आणि ते बरोबर होतं. आम्ही मूळचे लातूरकडचे. लग्न झाल्या झाल्या इकडे आलो, इथेच कंपनीत लागलो, इथेच संसार केला. पण तिकडच्या पानावरच्या बातम्या इकडच्या पेपरात येत नाहीत. कुठल्या शाळेचे पत्रे उडाले, यात्रेत कुस्ती कुणी मारली, धरणातून पाणी कधी सुटणार, हे माझ्या बायकोला अजूनही रोजच्या रोज कळायला हवं असायचं.

अडचण एवढीच होती की तो लॅपटॉप फार म्हातारा झाला होता. सगळे वापरतात तो ब्राउझर उघडला की आतला पंखा भणभणायला लागायचा आणि पान अर्धं येऊन थांबायचं. ती शांतपणे वाट बघत बसायची. मग उठून भांडी घासायला जायची, परत यायची, तरी पान तिथंच.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे कॉम्प्युटर बघणारा एक जण आहे, माझ्याच वयाचा. जेवणाच्या सुट्टीत त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, त्या मशीनला तो मोठा ब्राउझर झेपायचा नाही. मी एक देतो, तो टाकून बघा. कुणाला माहीत नसतो, पण हलका आहे."

त्याने दिलेला ब्राउझर कुठल्याही मोठ्या कंपनीचा नव्हता. चार-दोन माणसं आपापली नोकरी सांभाळून तो फुकट बनवत होती. त्याची दोन प्रकारची व्हर्जनं निघायची. एक पक्कं, आणि एक कच्चं. कच्चं म्हणजे ज्याची तपासणी अजून चाललेली आहे. ज्याला हौस असेल त्याने ते वापरून बघायचं आणि काय बिघडलंय ते बनवणाऱ्यांना कळवायचं. मी हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसली.

"तपासणी व्हय?" ती म्हणाली. "मग कच्चंच टाका की."

तपासणी हेच तिचं काम होतं. चाकणच्या एका कंपनीत ती ब्रेकच्या आत बसणाऱ्या रबरी रिंगा तपासायची. वर गोल भिंग आणि त्याच्या कडेने दिवा, खाली पांढरा ट्रे. रिंग चिमटीत धरायची, एकदा फिरवायची, चीर दिसली तर लाल डब्यात, नाही दिसली तर निळ्यात. तिच्या लाइनवरच्या बायका म्हणायच्या, हिला चीर पडायच्या आधीच दिसते. ती हे घरी येऊन मला सांगायची आणि वर म्हणायची, "काहीही बोलत्यात बाया." पण सांगायची नक्की.

आमच्या भागात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. आम्हा दोघांनाही गुरुवारच होता. त्यामुळे आठवड्यात नवं व्हर्जन आलेलं असलं तरी ते गुरुवारी सकाळीच टाकायचं असं ठरून गेलं. मी ते उतरवून घ्यायचो, जुनं काढायचो, नवं बसवायचो. ती चहा घेऊन यायची. मग तपासणी सुरू. पान किती लवकर उघडतं, जाहिराती जातात का, मागचं बटण दाबलं की नीट मागे येतं का. त्या ब्राउझरमध्ये एक बटण होतं, ते दाबलं की पानावरचं बाकी सगळं नाहीसं होऊन नुसता मजकूर राहायचा, काळ्यावर पिवळी अक्षरं. तिला ते फार आवडायचं. त्या पिवळ्या अक्षरांत ती मला गावाकडच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी लसूण सोलत ऐकायचो. तिचा आवाज वाचताना वेगळा व्हायचा, शाळेत धडा वाचतात तसा. बारावीपर्यंत शिकली होती, पुढे शिकायचं राहून गेलं होतं.

एकदा नव्या व्हर्जनमध्ये वाचता वाचता ती अडली.

"हे बघा. दुसर्या. दुसर्या काय असतंय? दुसऱ्या असतंय ना?"

मी वाकून बघितलं. खरंच, अर्ध्या र चं काम बिघडलं होतं. जिथे जिथे 'ऱ्या' यायला हवा होता तिथे य च्या डोक्यावर रफार चढून बसला होता. शेतकर्यांना, कोपर्यात, वार्याने. मी म्हटलं, कळतंय की वाचताना, राहू दे.

"राहू कसं द्यायचं?" ती म्हणाली. "रिजेक्ट आहे ते. कळवा त्यांना."

माझं इंग्रजी मशीनच्या पुस्तकापुरतं. तरी अर्धा दिवस खपून मी लिहिलं, दोन फोटो जोडले, चुकलेल्या अक्षराभोवती लाल गोल काढला. पुढच्या आठवड्यात त्या बनवणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की ही लिपी त्याला वाचता येत नाही, त्यामुळे त्याच्या हे कधीच लक्षात आलं नसतं, बरोबर अक्षर कसं दिसतं त्याचा एक मोठा फोटो पाठवता का? तिने स्वतः कागदावर ठळक पेनाने 'ऱ्या' काढला. तीनदा काढला, त्यातला सगळ्यात चांगला पाठवला.

त्यानंतरच्या व्हर्जनबरोबर काय काय बदललं त्याची माहिती आली, तिच्यात शेवटी एक ओळ होती. मराठीतलं एक अक्षर दुरुस्त केलं, भारतातल्या एका बाईंनी दाखवून दिलं म्हणून. मी तिला अर्थ सांगितला. तिने पुन्हा सांगायला लावला. मग मुलीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. तो आठवडाभर ती घरात गुणगुणत होती.

ते आमचे चांगले दिवस होते. त्याच दिवसांत तिच्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालेलं असणार, पण आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं.

ते कळलं कंपनीत. ज्या गाडीवाल्या कंपनीला या रिंगा जायच्या तिथून तक्रार आली की मालात चिरलेल्या रिंगा सापडल्या. खोक्यावरच्या नंबरावरून टेबल शोधलं, तर टेबल हिचं निघालं. सुपरवायझर बाई भली होती. तिने हिला बाजूला घेऊन त्याच रिंगा पुन्हा तपासायला दिल्या. हिने सगळ्या निळ्या डब्यात टाकल्या.

त्या दिवशी ती घरी आली, चपला काढल्या आणि दारातच बसली.

"माझ्या हातातून गेल्या," ती म्हणाली. "ब्रेकच्या रिंगा आहेत त्या. ब्रेकच्या."

चिंचवडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, फोटो काढून सगळं तपासलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं त्यांनी सांगितलं. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, स्वयंपाक करता येईल. पण जिथे नजर रोखाल तेच दिसणार नाही. चष्म्याने हे सुधारत नाही, ऑपरेशनही नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना एकच विचारलं, "किती दिवसांत?" ते म्हणाले, सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.

कंपनीने तिला पॅकिंगला टाकलं. काही महिने तिने ते केलं. मग लेबल उलटी लागायला लागली, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत तिने स्वतःच काम सोडलं.

घरी ती डोळ्यांविषयी मोकळेपणाने बोलायची. शेजारणीला सांगायची, मुलीला सांगायची. माझ्याशी थट्टाही करायची, "तुमचे कान दिसायलेत तेवढे, तोंड गेलं कुठं?" पण लॅपटॉपपुढे बसली की तिचं बोलणं वेगळं असायचं. तिथे दोष डोळ्यांचा नसायचा.

"ह्या व्हर्जनला अक्षरं बारीक केलीत त्यांनी," ती म्हणायची.

मी बघायचो. अक्षरं होती तशीच होती. मी आकार वाढवायचो. दोन गुरुवार बरे जायचे. मग पुन्हा, "आता रंग फिका केला वाटतं. पहिला पिवळा चांगला होता." मी रंग गडद करायचो. असं करता करता पडद्यावर एका वेळी चार शब्द मावायला लागले. ती मान डावीकडे वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, एकेक अक्षर पकडायची. आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "पुढच्या व्हर्जनला करतील बरोबर. कळवलंय ना तुम्ही?"

मी खरंच कळवत होतो. त्या माणसाला मी सगळं लिहिलं होतं, डॉक्टर काय म्हणाले तेही. त्याने अक्षरं ठळक करायची एक नवी सोय घालून दिली. कच्च्या व्हर्जनमध्ये ती आली त्या गुरुवारी तिने एक अख्खा मथळा एका दमात वाचला. मी स्वयंपाकघरात होतो, तिथून ऐकला. धावत बाहेर आलो, तर तिने हात वर करून मला थांबवलं आणि पुढची ओळ वाचायचा प्रयत्न केला. पुढची ओळ काही आली नाही. तरी त्या दिवशी तिने शिरा केला.

त्या हिवाळ्यात राजगुरुनगरला एक लग्न होतं. तिच्या लाइनवरच्या मैत्रिणीच्या मुलीचं. आम्ही बसने गेलो. मांडवात जुन्या बायका एकेक करून भेटत होत्या आणि ती आवाजावरून सगळ्यांना ओळखत होती. नाव घेऊन बोलायची, कुणाच्या पोराची दहावी, कुणाचं घर बांधून झालं, सगळं विचारायची. नवख्या माणसाला काही कळलं नसतं. मग एक बाई समोर येऊन उभी राहिली आणि नुसती हसत राहिली. हिच्या शेजारच्या टेबलावर ती कित्येक वर्षं बसली होती. तिला वाटलं असणार, बघू या ओळखते का. हिने तिच्या दिशेने पाहिलं आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. बाईचं हसू हळूहळू विरलं. मी काही बोलायच्या आत ती वळून निघून गेली.

येताना चाकणच्या चौकात गाडी अडकली होती. पुढेमागे नुसते कंटेनर. मी तिला सांगितलं की कोण आलं होतं.

"आवं मग बोलायचं ना तिनं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एक शब्द तरी बोलायचा."



त्यानंतरच्या गुरुवारी मी नवं व्हर्जन उतरवून घेत होतो. ती माझ्या पाठीशी उभी होती.

"नवं नको," ती म्हणाली. "ते जुनं टाका. ज्याच्यात मी ऱ्या सांगितला होता ते."

"ते कशाला? त्याच्यात ठळक करायची सोय नाही."

"टाका तर खरं. त्याच्यात मला चांगलं दिसत होतं."

सगळी जुनी व्हर्जनं त्या लोकांनी एका जागी ठेवलेली होती. मी खाली खाली जात ते शोधलं. नवं काढलं, जुनं बसवलं. मधल्या वेळात ती खुर्चीत बसली, पदर सावरला, केस मागे घेतले. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारखी. मी तोच पेपर उघडला, तेच बटण दाबलं. काळ्यावर पिवळी अक्षरं आली. तेव्हा ती जेवढी असायची तेवढीच.

ती बघत राहिली. सरळ बघितलं. मान वळवून डावीकडून बघितलं. मग उजवीकडून. पुढे सरकली, तिचं नाक पडद्याला लागेल इतकी. तिच्या कपाळावर पिवळा उजेड पडला होता.

"हेच ना ते?" तिने विचारलं.

"हेच."

"नक्की? दुसरं नाही ना टाकलं?"

"नाही. हेच आहे."

तिने पडद्यावरून एकदा बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. मग म्हणाली, "बरं. मग व्हर्जनचं काही नाही." आणि उठून आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. आतून नळाचा आवाज येत होता, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

त्या दिवसापासून तिने अक्षरांना कधी नाव ठेवलं नाही.

नंतर मोठ्याने वाचून दाखवायची सोय त्या ब्राउझरमध्ये आली. मजकुरावर बटण दाबलं की लॅपटॉप बाईच्या आवाजात वाचायचा. पण वाचणारी बाई हिंदी वळणाची होती. तिला ळ येत नव्हता. "पावसाल्यात" म्हणायची, "दुष्काल" म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी तिला असं हसताना मी बघत होतो. मी ळ चं लगेच कळवलं. उत्तर आलं की वाचणारा आवाज त्यांच्या हातातला नाही, तो लॅपटॉपचा स्वतःचा आहे, त्याला ते काही करू शकत नाहीत, माफ करा. मग ती तशीच ऐकायला लागली. बाई दुष्काल म्हणाली की ही हळूच दुष्काळ म्हणायची, गहू निवडता निवडता. गव्हातले खडेही ती आता बोटांनीच शोधते.

गेल्या वर्षी एक दिवस त्यांच्या पानावर सूचना आली की आता हे काम थांबतंय. जग फार पुढे गेलं, रोज नवं काही येतं, त्याच्या बरोबरीने धावणं चार माणसांना जमत नाही. एकाची तब्येतही बरी नव्हती. एक शेवटचं व्हर्जन निघेल, त्यानंतर काही नाही. मी ते तिला सांगितलं. तिने वाचणाऱ्या बाईला थांबवायला सांगितलं.

"शेवटचं टाका," ती म्हणाली. "आणि त्या माणसाला लिहा."

"काय लिहू?"

ती विचार करत बसली. मला वाटलं, डोळ्यांचं काही सांगेल. पण ती म्हणाली, "लिहा, आम्ही सगळी तपासली. चांगली होती. काही राहिलं असेल तर ते आमच्याकडून राहिलं." मी म्हटलं, शेवटचं वाक्य कशाला? ती म्हणाली, "असू द्या. त्याला बरं वाटंल."

मी जमेल तसं इंग्रजी करून पाठवलं. त्याचं उत्तर दोनच दिवसांत आलं. मी ते तिला मराठीत सांगितलं. त्याने लिहिलं होतं की तिने काढलेल्या त्या अक्षराचा फोटो त्याच्याकडे अजून आहे. आणि डोळे आता कसे आहेत, असं विचारलं होतं.

"कुठला आहे हो तो?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कुठल्यातरी थंड देशातला असेल."

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

"ते आपल्याला कसं कळणार?"

"विचारायचं होतं की. येवढे दिवस बोलायलाव आपण, आणि साधं हे विचारलं न्हाई."

तिने डोळ्यांचं काय लिहायचं ते सांगितलं, कडेचं चांगलं दिसतं म्हणून लिहा, आणि त्याच्या घरच्यांची चौकशी करायला लावली. तब्येत बिघडली ती त्याचीच का, हेही विचारा म्हणाली. मी सगळं लिहून पाठवलं. उत्तराची वाट बघितली. मग एका गुरुवारी माझीच मेल परत आली. तो पत्ता बंद झाला होता.

मी तिला तसं सांगितलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमट्यांचा डबा तिने हाताने चाचपला.

"दुसरा पत्ता नसंल का कुठं?" ती म्हणाली.

मी शोधला. अजून अधूनमधून शोधतो. सापडलेला नाही.